विश्लेषण : सीझरची तारीख ठरली, पण भीतीचं काय? आदल्या रात्रीपासून ओटीपर्यंत नेमकं काय घडतं?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या ताईच्या सीझरची तारीख आठ दिवस आधी ठरली. बाळ पायाळू होतं, फिरलं नाही, डॉक्टरांनी सीझर सुचवलं. ते आठ दिवस ऑपरेशनपेक्षा जड गेले. कळा सुरू होऊन धावतपळत दवाखाना गाठावा लागला, तर घाबरायलाही फुरसत मिळत नाही. इथे मात्र कॅलेंडरवर तारीख दिसते आणि रोज एक रात्र कमी होते. अकोल्याची मावशी फोनवर म्हणायची, "एवढी काऊन भेते वं? आजकाल काही होत नाही." ताई "हो" म्हणायची आणि फोन ठेवला की पुन्हा छताकडे बघत बसायची.

आदल्या रात्री दोन वाजता, कूलरच्या घरघरीत, तिने मला विचारलं, "कापताना मला कळेल का गं?" मी इंजिनीअर. मला मोटर कशी फिरते ते सांगता येतं, हे सांगता येईना. "काही होत नाही" या वाक्याने भीती जात नाही, कारण त्यात माहितीच नसते. म्हणून ही माहिती.

किती जणी या वाटेने जातात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशात 21.5 टक्के बाळंतपणं सीझरने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण 25.4 टक्के, म्हणजे साधारण चारातली एक. देशभरात खासगी रुग्णालयांत ते 47.4 टक्के आणि सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के आहे. ही तफावत का, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. आपलं सीझर खरंच गरजेचं आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारायचा हक्क तुम्हाला आहे. कारण कळलं की अर्धी धाकधूक तिथेच कमी होते. "नॉर्मल नाही झालं का?" असं विचारणाऱ्या शेजारणीला उत्तर द्यायची मात्र गरज नाही.

आपल्याकडे सरकारी बाळंतपण म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालय. अमरावतीकरांसाठी ते आजही 'डफरीन' आहे आणि अकोलेकरांसाठी 'लेडी हार्डिंग'. दोन्ही नावं व्हाइसरॉयांच्या पत्नींची. मेळघाटातून, धारणी-चिखलदऱ्याकडून घाट उतरून आलेल्या अवघड केसेसही अशाच मोठ्या रुग्णालयांत येतात. त्यामुळे एक गोष्ट आधीच मनात धरून ठेवा : तुमची वेळ सकाळी दहाची असली, तरी मध्येच इमर्जन्सी आली तर ओटी आधी तिला मिळते. ताईचा नंबर तीन तासांनी लागला. "माझ्यातच काहीतरी बिघडलंय, म्हणून डॉक्टर टाळतायत" असं तिला वाटत राहिलं. आत फक्त दुसरी बाई होती.

उपाशी किती वेळ राहायचं?

रिकाम्या पोटाचा आग्रह यासाठी की भूल दिल्यावर उलटी झाली, तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. सर्वमान्य नियम असा : हलकं जेवण किमान सहा तास आधी, तेलकट किंवा जड जेवण आठ तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो जेवणात मोजतात. तरीही अनेक घरांत रात्री नऊनंतर पाण्याचा थेंबही देत नाहीत. मे महिन्यातल्या अकोल्यात हे फार जाचक आहे. घसा कोरडा, डोकं दुखतंय, छाती धडधडतेय, यातलं काही भीतीने होतं आणि काही निव्वळ तहानेने. "पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" हे आदल्या दिवशीच विचारून घ्या आणि सांगितलेली वेळ पाळा.

रक्ताची सोय करायला सांगितली की नातेवाइकांचे चेहरे उतरतात. केस सिरीयस आहे म्हणून रक्त मागितलं, असं लगेच समजू नका. प्रत्येक सीझरमध्ये थोडा रक्तस्राव होतोच, त्यामुळे रक्तगट तपासून तयारी ठेवणं हा नेहमीच्या कामाचा भाग आहे.

पाठीतल्या इंजेक्शनची एवढी धास्ती का?

कारण त्याबद्दल सगळ्यात जास्त अफवा आहेत. नियोजित सीझरला बहुतेक वेळा 'स्पायनल' भूल देतात. तुम्हाला टेबलावर बसवून, हनुवटी छातीला लावून पाठ धनुष्यासारखी वाकवायला सांगतात. त्याने मणक्यांमधली फट उघडते. आधी औषधाने पुसतात, ते बर्फासारखं गार लागतं.

इथे माझ्यातली इंजिनीअर जागी झाली. स्पायनलसाठी बहुधा 25 गेज किंवा त्याहून बारीक सुई वापरतात. 25 गेज म्हणजे जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. हाताला सलाइनसाठी लावतात ती हिरवी सुई 18 गेजची, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे जी सुई आपण न कुरकुरता टोचून घेतो, ती पाठीतल्या सुईच्या दुपटीहून जाड आहे! हे ऐकून ताई पहिल्यांदा हसली.

"मज्जारज्जूला लागलं तर?" मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, इंजेक्शन त्याच्या खाली दिलं जातं. "जन्मभर कंबर दुखते" हे तर घरोघरी ऐकू येतं. टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं कारण इंजेक्शन असल्याचं संशोधनात दिसलेलं नाही. गरोदरपणात बदललेली शरीराची ठेवण आणि नंतर वाकून बाळाला पाजणं-उचलणं याने कंबर जास्त धरते. खरा, पण क्वचित होणारा त्रास म्हणजे बसलं-उठलं की वाढणारी डोकेदुखी. 1898 मध्ये ही पद्धत सुरू करणाऱ्या ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जनने प्रयोग स्वतःवरही करून घेतला होता आणि ही डोकेदुखी त्यालाही सोसावी लागली. तेव्हाच्या सुया जाड होत्या. आज असं डोकं दुखलं तर अंगावर काढू नका, उपचार आहेत.

मग कापताना कळतं का?

दुखत नाही, पण कळतं. हा फरक आधी कुणी सांगत नाही आणि मग टेबलावर पोटात काही हललं की बाई घाबरते, भूल चढलीच नाही असं तिला वाटतं. स्पायनल भूल वेदना थांबवते. दाब, ओढ, हिसका जाणवू शकतो. ताईच्या शब्दांत, "गच्च भरलेल्या पोत्यातून कापूस ओढून काढतात ना, तसं." चिरा देण्याआधी डॉक्टर चिमटा घेऊन किंवा गार बोळा लावून खात्री करतात. टोचल्यासारखं दुखलं, तर लगेच बोला. सहन करायचं काहीच कारण नाही.

आणखी काही गोष्टी त्या दहा-पंधरा मिनिटांत घडू शकतात, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. पाय जड होतात आणि हलेनासे होतात. एकदम मळमळतं, कारण रक्तदाब उतरतो; सांगितलं की औषध देतात. अंग थडथड कापतं, ते थंडीनेही आणि भुलीनेही. छातीपर्यंत बधिरता आली की श्वास चालू असूनही जाणवत नाही आणि गुदमरल्यासारखं वाटतं. अशा वेळी भूलतज्ज्ञांशी बोला. तुम्हाला नीट बोलता येतंय, म्हणजे हवा आत-बाहेर होतेय. आवाज फुटेना किंवा श्वास खरंच कमी पडू लागला, तर तेही त्यांना लगेच कळतं, ते डोक्याशीच असतात. लघवीची नळी बऱ्याचदा भूल चढल्यावर घालतात, त्यामुळे ती फारशी कळत नाही. पहिलंच सीझर असेल, तर चिरा दिल्यापासून साधारण पाच-दहा मिनिटांत बाळ बाहेर येतं. उरलेली अर्धा-पाऊण तासाची वेळ टाक्यांची. बाळ लगेच रडलं नाही तर ते दोन-चार क्षण फार लांब वाटतात. तेवढ्यात बालरोगतज्ज्ञ त्याला पुसत असतात.

सारखं नाव का विचारतात?

ताई यावर वैतागली होती. वॉर्डात विचारलं, दारात विचारलं, टेबलावर पुन्हा. "यांना पेशंट कोण तेच माहीत नाही का?" उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी तीन टप्प्यांची तपासणी यादी आणली : भुलीआधी, चिरा देण्याआधी आणि ओटी सोडण्याआधी. विमान उडण्यापूर्वी वैमानिक वाचतात तशीच. नाव, शस्त्रक्रिया, अ‍ॅलर्जी मोठ्याने विचारायची, शेवटी कापसाचे बोळे आणि अवजारं मोजायची. 2009 मध्ये दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ही यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आलेली दिसली. तुमचं नाव तीनदा विचारलं गेलं तर तीनदा शांतपणे सांगा.

मुहूर्ताचं काय करायचं?

वेळ आणि नक्षत्र बघून तारीख मागणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. त्याच दिवसातली सकाळ की दुपार, एवढंच असेल तर बघता येतं. पण मुहूर्तासाठी आठवडा-दोन आठवडे आधी ओढणं बाळाला महागात पडू शकतं. वैद्यकीय घाई नसेल तर 39 आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबतात, कारण त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. घरच्या मोठ्यांशी हे बोलणं बाळंतिणीवर टाकू नका. नवऱ्याने किंवा भावाने बोलावं.

भीती कमी करायला हाताशी काय आहे?

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. ताईने भूलतज्ज्ञांना आधीच सांगितलं, "मला खूप भीती वाटते, प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा." काही जणींना उलट हवं असतं, काहीच सांगू नका, दुसरं काहीतरी बोला. दोन्ही चालतं, फक्त आधी सांगायला हवं. ओटीत नातेवाईक सोडायचा की नाही हे रुग्णालय ठरवतं, बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत. तेही आधीच विचारा, म्हणजे दारात हात सुटताना धक्का बसत नाही.

श्वासाचा साधा प्रकार : चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाची गती थोडी उतरते. घरी चार दिवस सराव केला तर टेबलावर आठवतो. मोबाइलवरचे ऑपरेशनचे व्हिडिओ मात्र आदल्या रात्री नकोत. आणि ज्या काकूंकडे वाईट किस्स्यांचा साठा असतो, त्यांचा फोन दुसऱ्या कुणीतरी उचला.

खर्चाची चिंताही रात्री जागवते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (2011 पासून) सरकारी रुग्णालयात सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, सीझरनंतर सात दिवसांपर्यंतचा आहार आणि घरी जायला गाडी हे सगळं मोफत आहे.

काहींची भीती या सगळ्याच्या पलीकडची असते. आठवडाभर झोप नाही, जेवण जात नाही, सतत रडू येतं, आधीच्या बाळंतपणातलं काहीतरी डोळ्यांसमोरून हलत नाही. असं असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक 24 तास, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त मन उदास राहिलं, तरी हाच क्रमांक लावा.