बसकी गाडी
मोटारीचा सांगाडा जमिनीपासून किती उंच राहील हे स्प्रिंग ठरवते. चाकाला वर-खाली व्हायला जागाही तीच राखून ठेवते. गाडी बसकी करायची म्हणजे या जागेतला वरचा हिस्सा खर्ची घालायचा. तो किती घालावा, हे आधी रस्ता पाहून ठरते.

उदाहरणार्थ, जानेफळ हे गाव मेहकर तालुक्यात, काळ्या मातीच्या पट्ट्यात आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी थर हळूहळू लाटा धरतो. त्यात गतिरोधकांची भर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंमी उंच, पण ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या वळणाचा असावा. स्विफ्ट मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सुमारे २.४५ मीटर, म्हणजे चारही चाके अशा उंचवट्यावर एकदमच मावतात. तेव्हा पोटाखालची मोकळीक फक्त ४४ मिमीने घटते. गावोगावी मात्र हातभर रुंदीचा, उभ्या चढाचा ढीग टाकलेला असतो. तो दोन चाकांच्या मधोमध येतो आणि त्याची पूर्ण उंची पोटाला सोसावी लागते. स्विफ्टची मूळ मोकळीक १६३ मिमी. ती ४० मिमीने उतरवली तर १२३ उरते. पाच माणसे बसली की आणखी कमी. मग नियमातला गतिरोधक सुखाने पार होतो आणि गल्लीतला ढीग तेलाच्या चेंबरला टेकतो. अशा रस्त्यांवर २० ते २५ मिमीच्या पुढे जाणे शहाणपणाचे नाही.

नीट कामाची पद्धत सरळ आहे. आधी सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापे लिहून घ्यायची. जमिनीपासून मोजले तर टायरमधली हवा माप बिघडवते. मग त्या गाडीसाठी बनवलेल्या, थोड्या आखूड आणि थोड्या कडक स्प्रिंगा घालायच्या. कडकपणा लागतोच, कारण धक्का झेलायला आता जागा कमी आहे. कडक स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉकअपही तेवढ्याच ताकदीचे हवेत. मूळ शॉकअप बहुधा इथेच तोकडे पडतात.

पैसे वाचवण्याची वाट वेगळी असते: स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने उडवायचा. सहा कामाच्या वेढ्यांपैकी एक गेला की स्प्रिंग साधारण २० टक्क्यांनी कडक होते, म्हणून सुरुवातीला चाल ‘स्पोर्टी’ वाटते. पण कापलेले टोक बैठकीच्या खाचेत बसत नाही. जॅकवर चाक लोंबकळले की स्प्रिंग सैल होऊन फिरते, आणि खड्ड्यातून उसळताना ‘टक्’ असा आवाज येतो. गॅसची ज्योत लावून स्प्रिंग दबवणे तर त्याहून वाईट. आचेने पोलादाचे पाणी उतरते आणि गाडी महिन्यागणिक आणखी खचत जाते, तीही एका बाजूने जास्त.

दुसरी चूक वरून दिसत नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाडीत खालचा आर्म चाकाकडे उतरता असायला हवा. गाडी फार खाली गेली की तो आडवा होतो, मग उलटा चढतो. तेव्हा वळणावर गाडी कमी कलण्याऐवजी जास्त कलते. सोबत टो (चाकांचा आत-बाहेर रोख) बिघडतो आणि टायर आतल्या कडेने झिजतो.

बिघडलेले काम सुधारताना कापलेली किंवा तापवलेली स्प्रिंग वाचवण्याचा मोह सोडावा. खाली चकत्या घालून उंची परत मिळाल्यासारखी दिसते, धातूचा गेलेला गुण मात्र परतत नाही. मूळ किंवा त्या गाडीसाठीच्या आखूड स्प्रिंगा जोडीनेच बदलाव्यात. ठेचलेले बंप स्टॉप, गळके शॉकअप आणि फाटलेले बुशही त्याच वेळी काढावेत. पुढचा टप्पा पुष्कळ ठिकाणी वगळला जातो. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. तसे केले तर गाडी खाली येताच रबर पिळवटते आणि लवकर फाटते. चाकांवर वजन येऊ द्यावे, गाडी चार वेळा दाबून बसवावी आणि मग आवळावे.

अलाइनमेंट शेवटी. यंत्र जवळ नसेल तर मागच्या चाकांवरून ताणलेल्या दोरीने टो आणि गवंड्याच्या ओळंब्याने कॅम्बर (चाकाचा उभा कल) कामचलाऊ जुळवता येतो. पक्के माप यंत्रावरच घ्यावे. काही शे किलोमीटर चालल्यावर स्प्रिंगा बसतात, तेव्हा ते पुन्हा तपासावे. पुढची-मागची उंची वेगवेगळी बदलली असेल तर दिव्यांचा झोतही फिरवून घ्यावा लागतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणून काढलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात न घालता जपून ठेवाव्यात.