आयडलिंग बिघडलं, तर दोष सुपरचार्जरचाच?

जुन्या सुपरचार्ज्ड गाडीचं आयडलिंग बिघडलं, सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा वरखाली होऊ लागला किंवा थरथरून इंजिन बंद पडू लागलं, की पहिला संशय सुपरचार्जरवर जातो. बॉनेटखालची सगळ्यांत महागडी आणि अनोळखी वस्तू तीच असते. हा संशय तपासायला जनरल मोटर्सचं ३८०० सिरीज टू मालिकेतलं एल-६७ इंजिन चांगलं आहे. पाँटिअ‍ॅक ग्रँड प्रिक्स जीटीपी, ब्युइक रीगल जीएस, पार्क अ‍ॅव्हेन्यू अल्ट्रा अशा अमेरिकी गाड्यांत बसवलेलं हे ३.८ लिटरचं, २४० अश्वशक्तीचं व्ही-६. त्यावरचा ईटन एम-९० सुपरचार्जर एका फेऱ्यात ९० घनइंच, म्हणजे जवळपास दीड लिटर हवा पुढे ढकलतो. पण ही ताकद आयडलला वापरात नसते. इथे थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी येतो. तो जवळजवळ बंद असला की त्याच्यापासून इंजिनाच्या व्हॉल्व्हपर्यंतच्या सगळ्या वाटेत निर्वात तयार होतो, आणि हाच निर्वात बायपास व्हॉल्व्हचा पडदा ओढून तो उघडा ठेवतो. सुपरचार्जरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. रोटर फिरतात, पण हवा दाबत नाहीत. म्हणूनच झिजलेला सुपरचार्जर आपली झीज चढावर, पूर्ण रेस दिल्यावर दाखवतो. आयडलला पुढून येणारी खडखड बहुतेक वेळा आतल्या प्लास्टिकच्या कपलरची असते. तिचा आवाज होतो, आरपीएम हलत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: बायपासचाच पडदा फाटला तर? तर व्हॉल्व्ह उघडत नाही, शिवाय फाटलेल्या पडद्यातून बाहेरची हवा आत येते आणि आयडलिंग खरोखरच बिघडतं. पण ते तपासायला सुपरचार्जर उतरवावा लागत नाही. बायपासच्या नळीला हाताचा व्हॅक्यूम पंप लावून निर्वात द्यायचा. बायपासची दांडी सरकून तिथेच टिकली तर पडदा शाबूत, हळूहळू परत आली तर फाटलेला.

दुसरा गैरसमज जास्त फसवा आहे: बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा वाढीव दाब, व्यवस्थित येतो, तेव्हा कुठे गळती नाही. रेस दिल्यावर इंजिन इतकी हवा घेतं की तडकलेल्या व्हॅक्यूम नळीतून निसटणारी हवा हिशेबातही धरायला नको. आयडलला मात्र एकूण हवाच थोडी लागते, त्यामुळे त्याच तड्यातून शिरलेली हवा मोठा वाटा ठरते. ती एअर मास सेन्सरला चुकवून आत येते, कॉम्प्युटर मोजलेल्या हवेपुरतंच पेट्रोल देतो आणि मिश्रण पातळ होतं. सुदैवाने याचा पुरावा गाडीतच नोंदलेला असतो. १९९६ पासूनच्या अमेरिकी गाड्यांत साधा ओबीडी-२ स्कॅनरही फ्युएल ट्रिम दाखवतो, म्हणजे कॉम्प्युटर मूळ हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय ते. इंजिन गरम असताना आयडलला ट्रिम अधिक वीसच्या आसपास आणि २,५०० आरपीएमवर शून्याजवळ येत असेल, तर व्हॅक्यूम गळती शोधावी. लोड वाढल्यावर ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोलचा फिल्टर, पंप किंवा घाण झालेला एअर मास सेन्सर बघावा. मिसफायरमध्ये न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि मिश्रण पातळ असल्याचा खोटा भास होतो. म्हणून प्लग, वायरी आणि कॉइल आधी निस्तराव्यात.

बॅटरी काढून जोडली की कॉम्प्युटर ‘ताजा’ होतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. होतं एवढंच की साठलेला ट्रिम पुसला जातो. ज्या पुराव्यावर निदान उभं राहणार, तोच हातचा जातो. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळणंही तसंच. आयडलची हवा आयएसी व्हॉल्व्ह सांभाळतो. त्यात कार्बन साचला असेल तर तो साफ करावा, स्क्रू फिरवून चूक झाकू नये. एअर मास सेन्सरचा प्लग काढला आणि आयडलिंग सुधारलं, म्हणजे सेन्सर गेला, हा निष्कर्षही घाईचा आहे. प्लग काढल्यावर कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतो, आणि त्या दाबात चोरून शिरलेली हवाही मोजली जाते. म्हणजे सेन्सर धडधाकट असून गळती असली, तरी सुधारणा दिसेल. नवा सेन्सर विकत घेण्याआधी स्मोक टेस्ट करून घ्यावी, कारण धूर गळतीची जागाच दाखवतो. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची जुनी सवय मात्र सोडावी. तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो पेटतो.

ट्रिम उलट्या बाजूला, उणे पंधरा-वीसवर असेल, गाडी गरम असताना सेल्फ मारूनही लवकर सुरू होत नसेल आणि एक्झॉस्टला पेट्रोलचा वास असेल, तर या इंजिनात आधी फ्युएल प्रेशर रेग्युलेटर बघावा. त्याचा पडदा फाटला की मॅनिफोल्डमधला निर्वात पेट्रोल थेट आत ओढून घेतो. इंजिन बंद करून रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढावी. तिचं टोक कोरडं हवं. ओलं असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास असेल, तर रेग्युलेटर बदलेपर्यंत गाडी चालवू नये.