विश्लेषण : पर्यटक सीमेपलीकडे, ॲप मात्र अलीकडेच! युरोपात नेमके काय अडले होते?

करोनाची पहिली लाट ओसरू लागली, तशा २०२० च्या जूनमध्ये युरोपीय देशांनी आपसातील सीमा उघडल्या. इटलीने ३ जूनला, जर्मनी-फ्रान्सने १५ जूनला. हॉटेलवाल्यांपासून टॅक्सीचालकांपर्यंत सगळ्यांना उन्हाळी हंगाम वाचवायचा होता. युरोपीय आयोगाने १३ मे रोजी पर्यटनासाठी सुचवलेल्या उपायांत संपर्क शोधणारी मोबाइल ॲप एकमेकांशी जोडण्याचा मुद्दाही होता. ॲप आली, पण देश बदलला की त्यांचा उपयोग संपत होता.

खिशात नोंद, तरी इशारा नाही

जर्मनीचे ‘कोरोना-वॉर्न-ॲप’, इटलीचे ‘इम्युनी’ आणि आयर्लंडचे ‘कोविड ट्रॅकर’ ही तिन्ही ॲपल-गुगलच्या एकाच यंत्रणेवर चालत. फोन ब्लूटूथवरून निनावी कोड पाठवत राहतो, तो दर १०-२० मिनिटांनी बदलतो. जवळचे फोन तो टिपून ठेवतात. नाव नाही, लोकेशन नाही. एखाद्याला संसर्ग झाला, की त्याच्या संमतीने फोनमधील सांकेतिक किल्ल्या देशाच्या सर्व्हरवर जातात. इतर फोन त्या उतरवून घेतात आणि जुळणी स्वतःच करतात.

आता समजा, बर्लिनचा पर्यटक रोमच्या बसमध्ये अर्धा तास एका स्थानिक प्रवाशाशेजारी बसला. दोन्ही फोनांनी एकमेकांचे कोड टिपले. चार दिवसांनी तो प्रवासी बाधित निघाला. त्याच्या किल्ल्या इटलीच्या सर्व्हरवर गेल्या. जर्मन ॲप मात्र जर्मन सर्व्हरलाच विचारत होते. नोंद पर्यटकाच्या खिशात असूनही इशारा आला नाही. बरे, प्रत्येक देशाचे ॲप घ्यावे, तर एका फोनवर एका वेळी त्यातले एकच चालायचे.

उपाय आला, हंगाम गेला

राष्ट्रीय सर्व्हरमध्ये किल्ल्यांची देवाणघेवाण करणारा एक सामाईक सर्व्हर, एवढाच उपाय होता. टी-सिस्टिम्स आणि सॅप या कंपन्यांनी तो उभारला आणि लक्झेंबर्गमधील आयोगाच्या डेटा सेंटरमधून तो चालू लागला. वरील तीन देश त्याला जोडले गेले ते १९ ऑक्टोबर २०२० ला! मे महिन्यात कागदावर असलेल्या मुद्द्याला पाच महिने लागले. तोवर सुट्ट्या संपल्या होत्या आणि दुसऱ्या लाटेत रुग्ण वाढत होते.

फ्रान्स कुठे होता?

जगात सर्वाधिक परदेशी पर्यटक जिथे जातात, तो फ्रान्स या जोडणीत नव्हताच. त्याच्या ‘स्टॉपकोविड’मध्ये जुळणी फोनवर नव्हे, तर सरकारी सर्व्हरवर होई. (आपल्या ‘आरोग्य सेतू’तही बाधितांचा डेटा सरकारी सर्व्हरवर जात असे, शिवाय लोकेशनही लागे.) जर्मनीही आधी याच पद्धतीच्या बाजूने होता, एप्रिलअखेर त्याने भूमिका बदलली. फ्रान्सने बदलली नाही. त्याच्याकडे शेजाऱ्यांना देता येतील अशा किल्ल्याच नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्यात युरोपीय संघाने वेगळा रस्ता धरला. १ जुलै २०२१ पासून डिजिटल कोविड प्रमाणपत्र लागू झाले : लस घेतल्याचा, चाचणीचा किंवा आजारातून बरे झाल्याचा क्यूआर कोड. शेजारी कोण बसले होते, हे त्यात कुणी विचारत नव्हते. यात फ्रान्सही होता. आणि ते प्रमाणपत्र ठेवण्याची सोय तिथे ‘स्टॉपकोविड’च्याच नव्या अवतारात दिली गेली.