सकाळी आंबट, दुपारी बेचव

पहाटे साडेपाचला गॅलरीत गेले, पानफुटीचं एक जुनं, जाड पान तोडलं आणि त्याचा नखाएवढा तुकडा दाताखाली धरला. आंबट! कैरीइतकं नव्हे, पण चिंचेच्या कोवळ्या पाल्याइतकं नक्कीच. लगेच थुंकलं, चूळ भरली. दुपारी तीन वाजता त्याच जोडीतलं दुसरं पान तोडलं. पानफुटीची पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, म्हणजे ही दोघं एकाच वयाची, एकाच फांदीची. तसाच तुकडा चावला, तर आंबटपणाचा मागमूस नाही. पाणचट, शेवटी किंचित कडवट.

तुम्हीही हे करून पाहाल, म्हणून आधीच सांगते: गिळायचं नाही, आणि लहान मुलांना चाखायला द्यायचं नाही. या गटातल्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात ती खाऊन गुरं दगावली आहेत. मुलांसाठी शाळेतला प्रयोग आहेच. जास्वंदीचं फूल पांढऱ्या कागदावर चोळायचं आणि त्या जांभळट डागावर पानाचा रस टेकवायचा. पहाटेचा रस डाग गुलाबी करतो. दुपारच्या रसाने तो फारसा बदलत नाही.

हा शोध माझा नाही, आणि नवाही नाही. बेंजामिन हाइन नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ दोनशे वर्षांपूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात होते. त्यांच्या बागेतल्या पानफुटीची पानं सकाळी आंबट लागत, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडसर. त्यांनी ते पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि 1815 साली ते छापून आलं. पानांच्या रोजच्या चढउताराची एवढी नेमकी नोंद एका माणसाने नुसत्या जिभेने केली होती! त्यामागचं रसायन उलगडायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली.

माझ्या गॅलरीत पानफुटीच्या कुंडीला खेटून तुळस आहे. दोघींवर तेच ऊन पडतं, तोच वारा लागतो. तरी आई परवा मला म्हणाली, "अगं, तुळशीचा तांब्या पानफुटीवर रिकामा करू नकोस, कुजेल ती." आईचं म्हणणं आणि हाइन यांची जीभ एकच गोष्ट सांगत होती, हे मला उशिरा कळलं.

पानाच्या त्वचेत, बहुधा खालच्या बाजूला, सूक्ष्म छिद्रं असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना पर्णरंध्रं म्हटलेलं असतं. प्रत्येक छिद्राला ओठांसारख्या दोन पेशी. त्या फुगल्या की छिद्र उघडतं, सैलावल्या की मिटतं. अन्न तयार करायला झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो याच वाटेने आत येतो. पण ज्या दाराने तो आत येतो, त्याच दाराने पानातलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. हवेत कार्बन डायऑक्साइड अगदी विरळ आणि पानाच्या आत मात्र ओलच ओल. त्यामुळे हा सौदा फार महागात पडतो: तुळशीसारखं झाड कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवण्यासाठी पाण्याचे साधारण चारशे रेणू घालवतं.

तुळस दिवसपाळीची. सूर्य वर आला की तिची रंध्रं उघडतात, आणि उजेड व कच्चा माल एकाच वेळी हाताशी असल्याने ती भराभर अन्न बनवते. वैशाखातल्या दुपारी मुळांकडून पाण्याचा पुरवठा कमी पडला की पानं माना टाकतात, रंध्रं मिटू लागतात आणि काम थंडावतं. संध्याकाळी पाणी मिळालं की तासाभरात ती पुन्हा ताठ उभी राहते. माना टाकणं हे तिचं दुखणं नव्हे, दिवसभर दार उघडं ठेवल्याची ती किंमत आहे.

पानफुटी रातपाळीची. दिवसभर, ऊन रणरणत असताना, तिची दारं बहुतेक बंदच असतात. अंधार पडला, हवा गार आणि दमट झाली की ती उघडतात. पण रात्री ऊन कुठलं? मग आत आलेल्या कार्बन डायऑक्साइडचं ती मॅलिक आम्ल करते, म्हणजे कच्च्या सफरचंदाला आंबट करणारंच आम्ल, आणि पेशींमधल्या पाण्याने भरलेल्या पिशव्यांत ते साठवत राहते. पहाटेपर्यंत या पिशव्या काठोकाठ भरतात; ती मी चाखलेली चव. उजाडलं की दारं बंद, आणि मग दिवसभर ते आम्ल फोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड आतल्या आत वापरायचा. दुपारपर्यंत साठा संपतो आणि पान बेचव होतं. या युक्तीमुळे एका रेणूमागे तिचे पाण्याचे पन्नासेकच रेणू जातात.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण तो फार प्रेमाने पसरवला जातो: तुळस रात्रीसुद्धा प्राणवायू देते. तसं होत नाही. प्राणवायू सुटतो तो पाण्याचा रेणू फुटताना, आणि तो फोडायला उजेड लागतो. रात्री जागणारी पानफुटीही अंधारात प्राणवायू सोडत नाही. खरं जे घडतं ते मला त्याहून विलक्षण वाटतं. एक पान रात्रभर हवा आंबट करून साठवतं आणि दिवसा दार लावून ती जेवतं, याहून मोठा चमत्कार कुंडीत आणखी काय हवा?

हे लक्षात आलं की दोघींची निगा पाठ करावी लागत नाही, आपोआप सुचते. तुळशीला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. माती पोयट्याची, त्यात भरपूर शेणखत. कुंडी निदान फूटभर खोल. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी. आंघोळ करून वृंदावनात तांब्याभर पाणी घालायची आपल्याकडची रीत या झाडाच्या स्वभावाला फार जुळते, कारण दिवसाची पाळी सुरू व्हायच्या आधी तिला भरलेला तांब्या मिळतो. पावसाळ्यात मात्र तोच तांब्या हात आखडून घालावा, आणि कुंडीच्या तळाचं भोक खापराच्या तुकड्याने अलगद झाकलेलं असावं, बुजलेलं नसावं. निरांजन बुंध्याला टेकवून ठेवू नये. कोवळ्या सालीला ती आच सोसत नाही.

पानफुटीला अर्ध्या दिवसाचं ऊनही चालतं. मातीत वाळू आणि विटांचे बारीक तुकडे मिसळावेत. बोट खुपसून पाहावं, वरची माती पूर्ण सुकली असेल तरच पाणी द्यावं. तिचं पाणी पानांतच असतं. मुळाशी साचलं तर मुळं गुदमरतात, म्हणून तर आईने मला हटकलं. या काटकसरीची किंमत तीही मोजते. रात्री जेवढं आम्ल पानात मावेल तेवढाच दुसऱ्या दिवशीचा शिधा, त्यामुळे ती सावकाश वाढते. खसखशीएवढ्या बीपासून लावलेली तुळस काही महिन्यांत मंजिऱ्यांनी भरून जाते.

या मंजिऱ्यांपाशी आले की मला दोघींमधलं एक साम्य खुणावतं, आणि यावर थोडं रेंगाळायला हवं. तुळस बी धरू लागली की पानं लहान होतात, खोड लाकडासारखं होतं, झाड म्हातारं दिसायला लागतं. म्हणून जाणती माणसं मंजिऱ्या वेळेवर खुडतात आणि कोवळे शेंडेही खुडतात. शेंड्यातून एक संप्रेरक खाली झिरपत असतं आणि ते बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा गेला की हा धाक संपतो, पानांच्या बेचक्यांतले डोळे जागे होतात आणि एकाच्या दोन फांद्या होतात. डेरेदार तुळस म्हणजे वारंवार शेंडा खुडलेली तुळस.

पानफुटीच्या पानाच्या कडेवर जे खाचे असतात, त्या प्रत्येकात असाच एक डोळा निजलेला असतो. पान झाडावर आहे तोवर तो सहसा उठत नाही, कारण आईझाडाकडून येणारे संदेश त्याला थोपवून धरतात. पान गळून पडलं, किंवा आपण तोडलं, की काही दिवसांत खाचेखाचेतून केसासारखी मुळं आणि इवली पानं बाहेर येतात. त्यासाठी माती लागतेच असं नाही. वहीत दाबून ठेवलेल्या पानालाही रोपं फुटतात, आपल्यापैकी अनेकांनी ती लहानपणी पाहिली असतील. जर्मन कवी गटेला या झाडाने वेड लावलं होतं. झाडाचा प्रत्येक अवयव म्हणजे रूप पालटलेलं पान, असं त्याने 1790 मध्ये पुस्तक लिहून मांडलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर एका पानातून अख्खं झाड उभं राहत होतं! तो ही पानं मित्रमैत्रिणींना भेट पाठवायचा, आणि जर्मनीत या झाडाला त्याच्या नावाने ओळखतात. हा तोच गटे, ज्याने 'शाकुंतला'वर आनंदाने कविता केली होती. झाड मूळचं मादागास्करचं. आज कोकणातल्या गडग्यांवर ते घरचंच वाटतं.

पाहुणी म्हणून आलेल्या या झाडाने आता माझ्या तुळशीच्या कुंडीतही पाय रोवला आहे. मागच्या महिन्यात वाऱ्याने एक पान तिकडे पडलं आणि त्याच्या कडेला सहा रोपं उभी राहिली, प्रत्येक करंगळीच्या नखाएवढं. सध्या तुळशीच्या रोजच्या तांब्यावर ती मजेत आहेत, कारण कोवळ्या वयात या झाडाची पानंही बरीचशी दिवसपाळीच करतात. रातपाळी ती वयाबरोबर शिकतात. पान दळदार झालं की त्यांना वाळूच्या कुंडीत हलवायचं ठरवलंय. तोवर रोज पहाटे जास्वंदीचा कागद घेऊन त्यांच्यापाशी बसते. त्यातलं सगळ्यात मोठं पान कोणत्या दिवशी पहिल्यांदा आंबट होतं, ते मला पाहायचं आहे.