धान्याचा कोंडा आणि जिवाणूंची पकड

माणसाच्या मोठ्या आतड्यात वस्ती करून राहणाऱ्या जिवाणूंविषयी गेल्या शतकात जे विपुल लेखन झाले, त्यात कोणता जिवाणू उपकारक आणि कोणता अपायकारक याची चर्चा उदंड आढळते. परंतु तो जिवाणू अन्नकणाला धरून कसा राहतो, हा अधिक मूलगामी प्रश्न बराच काळ उपेक्षितच राहिला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना 1899 मध्ये अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या विष्ठेत बिफिडोबॅक्टेरिया आढळले, आणि पुढे त्याच संस्थेतील मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय आंबट दुधाला दिल्यापासून, जिवाणू गिळावे आणि निरोगी व्हावे ही कल्पना लोकमानसात दृढ झाली. धान्यातील चोथ्याचे महत्त्व मात्र निराळ्याच वाटेने, मुख्यतः आफ्रिकेत शल्यवैद्य म्हणून राहिलेल्या डेनिस बर्किट यांच्या 1970 नंतरच्या प्रतिपादनामुळे, वैद्यकाच्या दफ्तरी दाखल झाले.

गव्हाच्या कोंड्यातील अरॅबिनोझायलान, ओट व जव यांतील बीटा-ग्लुकान, सर्वच धान्यांतील सेल्युलोज आणि लहान आतड्यात न पचता पुढे सरकणारे प्रतिरोधी पिष्ट, या साऱ्यांचे विघटन मानवी शरीराची विकरे करू शकत नाहीत. ते काम जिवाणूंकडे आहे. आता, मोठ्या आतड्यातील सतत पुढे सरकणाऱ्या द्रवात जिवाणूने आपले विकर मोकळे सोडून दिले, तर सुटलेली शर्करा त्याच्या हाती लागण्यापूर्वीच वाहून जाईल किंवा शेजारचे जिवाणू ती फस्त करतील. म्हणून अन्नकणाला चिकटून, विकर आपल्याच पृष्ठभागावर राखून, जागच्या जागी उत्पन्न वसूल करणे हे पुष्कळ जिवाणूंच्या हिताचे ठरते.

या चिकटण्याचा एक फार उद्बोधक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. बिफिडोबॅक्टेरियाचे 19 वाण घेऊन ते मका, बटाटा, ओट आणि जव यांच्या कच्च्या पिष्टकणांना धरतात की नाही हे त्यात पाहिले गेले. सगळे वाण चिकटले नाहीत. जे चिकटले त्यांना पिष्ट कशाचे याचे सोयरसुतक नव्हते. कणांचा पृष्ठभाग जितका अधिक, तितके जिवाणू अधिक, एवढाच हिशेब. अधिक सखोल तपासलेल्या दोन वाणांत, माल्टोज किंवा विरघळलेले पिष्ट मिसळताच पकड सुटे, पण लॅक्टोज मिसळून काही फरक पडत नसे. म्हणजे जिवाणूच्या अंगावरील प्रथिन ग्लुकोजची एक विशिष्ट जोडणी ओळखूनच बिलगत होते. पित्ताने ती पकड ढळली नाही. मात्र जठरासारख्या तीव्र आम्लात, सामू 3 वा त्याहून कमी असता, तसेच प्रथिने तोडणाऱ्या विकरापुढे ती टिकली नाही. दाण्याला चिकटवलेले जिवाणू जठर ओलांडून सुखरूप पोचतील अशी जी सरधोपट आशा बाळगली जाते, तिला हा निष्कर्ष मर्यादा घालतो, आणि म्हणूनच मला तो विशेष मोलाचा वाटतो.

याहून विलक्षण व्यवस्था रुमिनोकॉकस ब्रोमाय या जिवाणूची. बायर आणि लामेद यांनी 1983 मध्ये एका उष्णताप्रिय जिवाणूत, सेल्युलोजला धरणारा, अनेक विकरे एकत्र गुंफलेला प्रथिनसमूह दाखवून दिला होता. त्याच धर्तीची, परंतु पिष्टासाठी घडलेली रचना ब्रोमायजवळ असल्याचे 2015 मध्ये निदर्शनास आले. त्यापूर्वीच, ॲबर्डीनच्या रॉवेट संस्थेतील संशोधकांनी प्रतिरोधी पिष्टाचा आहार दिलेल्या 14 पुरुषांपैकी ज्या दोघांच्या आतड्यात या जातीचे जिवाणू अत्यल्प होते, त्यांच्या पोटातील त्या पिष्टाचा 60 टक्क्यांहून अधिक भाग तसाच बाहेर पडला. ब्रोमाय पिष्ट फोडतो, त्यातून सुटलेल्या शर्करेवर इतर जाती पोसतात, आणि त्यांपैकी काही ब्युटिरिक आम्ल तयार करतात, जे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे.

ज्याच्या शिरावर हा सारा कारभार उभा आहे तो जिवाणू बाजारातल्या प्रोबायोटिक पाकिटांत सहसा नसतो. पाकिटांतले बहुतेक जिवाणू काही दिवसांचे पाहुणे असून, सेवन थांबले की ते नाहीसे होतात. कायमच्या रहिवाशांना पोसणारे अन्न आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार आहे. ज्वारी वा नाचणीचे पीठ आंबवून शिजवलेल्या आंबिलीत शिजताना आंबवणीतले बहुतेक जिवाणू मरतात हे खरे. पण ती निवल्यावर तिच्यातील पिष्टाचा काही अंश प्रतिरोधी होतो, आणि वरून ताक घातले की जिवंत जिवाणूंचीही भर पडते. रात्रीच्या शिळ्या भाकरीतही पिष्टाचे असेच काहीसे स्थित्यंतर घडते. धान्याचा कोंडाही याच रहिवाशांचे अन्न आहे. तेव्हा महागड्या पाकिटासाठी खिशात हात घालण्यापूर्वी वाचकांनी पीठ चाळणे थांबवावे, चाळलेच असेल तर चाळणीतला कोंडा परत पिठात मिसळावा, आणि ज्यांची आतडी दुखणाईत आहेत त्यांनी तेवढे वैद्यांना विचारून करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.