जीव नाकारणारे नाव

ज्वारी पेरण्याआधी बियाण्याला ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत चोळतात. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे पाकीट पुरते. गूळ विरघळवून थंड केलेल्या पाण्यात ते कालवायचे, बियाण्याला हलक्या हाताने चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. उन्हात ठेवले तर जिवाणू मरतात. सगळी काळजी त्यांना जिवंत ठेवण्याची, आणि नावात मात्र ‘जीव नसलेला’ असा अर्थ!

त्या नावातला ‘अझोट’ हा नत्रवायूसाठीचा शब्द आता इंग्रजीत क्वचितच वापरतात. त्यातला ‘अ’ ग्रीक, नकारार्थी. आपल्या ‘अशक्य’मधला ‘अ’ आणि तो एकाच मुळातून आले. ‘झोए’ म्हणजे जीवन. 1772 मध्ये एडिंबरात डॅनिएल रदरफोर्डने बंद हवेतला ज्वलनाला लागणारा भाग संपवला, कर्बवायू शोषून घेतला. उरलेल्या वायूत ना मेणबत्ती जळे, ना प्राणी जगे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी 1787 मध्ये रसायनांची नवी नामावली मांडली, तेव्हा या वायूला ‘अझोट’ म्हटले.

हे नाव त्या वायूवर अन्याय करणारे आहे, असे मला ठामपणे वाटते. प्राणी दगावत ते प्राणवायू नसल्यामुळे. नत्रात विष नव्हते. हवेचा 78 टक्के भाग नत्रच आहे, आणि आपले एकही प्रथिन, एकही जनुक त्याच्यावाचून घडत नाही. 1790 मध्ये शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सोऱ्यावरून ‘नायट्रोजन’ हे नाव सुचवले. इंग्रजीने ते उचलले. फ्रेंच आणि रशियन लोक मात्र आजही ‘अझोत’च म्हणतात.

1901 मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या बायरिंक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने मातीतल्या एका जिवाणूला ‘ॲझोटोबॅक्टर’ नाव दिले. हवेतल्या नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध सोडवून अमोनिया करायला खत कारखान्यात चारशे अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हा जिवाणू तेच काम शेतातल्या मातीत, तिच्याच उबेत करतो. अडचण एकच: त्याचे नत्र बांधणारे विकर प्राणवायूने निकामी होते, आणि प्राणवायूशिवाय तर त्याला जगता येत नाही. म्हणून तो विलक्षण वेगाने श्वसन करतो. आत शिरलेला प्राणवायू विकरापर्यंत पोचण्याआधीच तो वापरून टाकतो.