कोबाल्टवरही बरा होतो गर्भाशयमुखाचा कर्करोग

गैरसमज : गर्भपिशवी काढली की सुटलो. शेक (किरणोपचार) द्यायचे म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली.

वस्तुस्थिती : गाठ गर्भाशयमुखाबाहेर पसरली असेल, तर किरणोपचार हाच रोग बरा करणारा मुख्य उपचार आहे, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचे सलाईन. आधी केमो देऊन मग शस्त्रक्रिया करावी की केमोसह किरणोपचार द्यावेत, हे टाटा मेमोरियलने सहाशेहून अधिक स्त्रियांमध्ये तपासले. २०१८ साली निष्कर्ष आले. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ६९ टक्के, तर किरणोपचाराच्या गटात सुमारे ७७ टक्के होते.

गैरसमज : कोबाल्टचे यंत्र जुनाट. लिनॅक (विजेवर किरण तयार करणारे यंत्र) नसेल तिथे उपचार घेऊच नयेत.

वस्तुस्थिती : भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले ‘भाभाट्रॉन’ हे किरणोपचाराचे यंत्र कोबाल्टवरच चालते. लिनॅकपेक्षा त्याला वीज कमी लागते आणि देखभालही सोपी. सव्वापाच वर्षांत कोबाल्टच्या स्रोताची ताकद निम्मी होते व प्रत्येक शेकाला जास्त मिनिटे लागतात; म्हणून नव्या स्रोताचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. शेकाच्या नियोजनासाठी सीटी स्कॅन नसेल तर एक्स-रेवर कमरेची हाडे पाहून किरणांची चौकट आखतात आणि पुढून, मागून व दोन्ही कुशींतून किरण देतात. यात आतड्यांना जास्त मारा बसतो, मोठ्या गाठीचा मागचा भाग निसटूही शकतो. सीटी मिळत असेल तर ती जरूर करावी. पण तिच्या प्रतीक्षेत महिना घालवणे मला मुळीच पटत नाही.

गैरसमज : पंचवीस शेक झाले, रक्त जायचे थांबले, आता आतला उपचार कशाला?

वस्तुस्थिती : सगळ्यांत घातक गैरसमज हाच. बाहेरून ४५ ते ५० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) डोस देतात. त्याहून फार पुढे गेल्यास आतडे आणि मूत्राशय सोसत नाहीत. गाठीला मात्र एकूण ८० ग्रेच्या वर डोस हवा असतो. उरलेला डोस ब्रेकीथेरपी देते. योनिमार्गातून नळी बसवून किरणस्रोत काही मिनिटे थेट गाठीपाशी ठेवतात. या यंत्रातला इरिडियमचा स्रोत तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो, कोबाल्टचा काही वर्षे चालतो. लहान केंद्राला तो परवडतो.

गैरसमज : पेरणीसाठी, लग्नासाठी मध्ये पंधरा दिवस खंड पडला तर बिघडत नाही.

वस्तुस्थिती : बिघडते. बाहेरचे आणि आतले उपचार मिळून आठ आठवड्यांत संपले पाहिजेत. लांबले की उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात. म्हणून साधने तुटपुंजी असतील तिथे खरे नियोजन पहिल्याच दिवशी व्हावे : हिमोग्लोबिन, राहण्याची सोय, यंत्र बंद पडल्यास बुडालेले शेक कधी भरून काढायचे, आणि ब्रेकीथेरपी आपल्याकडे नसेल तर कोणत्या केंद्रात, कोणत्या तारखेला.

गैरसमज : शेक घेऊन आलेल्या बाईजवळ लेकरू देऊ नये.

वस्तुस्थिती : बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत, आतला स्रोतही उपचार संपताच बाहेर काढतात. लेकराला खुशाल जवळ द्या.

आणि पंचवीस शेक पुरे झाल्यावर तिला घरी न्यायला याल, तेव्हा ब्रेकीथेरपीची तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.